फॅशनवर मराठीत लिहायचंय? सुरुवात मंगळदास मार्केटपासून करा

दर फॅशन वीकच्या आधी मला तीन-चार मेसेज येतात. बहुतेक मुलींचे, हल्ली मुलांचेही. प्रश्न ठरलेला: "ताई, मीडिया पास कसा मिळतो?" कसा मिळतो ते पुढे सांगते, पण पासवाली पायरी बरीच वरची आहे. खालच्या पायऱ्या न चढता तिथे पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत. ती पहिल्या रांगेत बसून फोन उंच धरतात आणि घरी येऊन प्रेस नोट मराठीत उतरवतात. त्यासाठी कुणी तुम्हाला दुसऱ्यांदा पैसे देणार नाही.

आधी एवढं समजून घ्या की हा धंदा कुठून कुठे आला. 'फेमिना' १९५९ साली सुरू झालं, 'एल'ची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आली, 'व्होग'ची २००७ मध्ये. त्या काळात मासिकाची दिवाळी ऑगस्टच्या पावसात शूट व्हायची. वाचक कपडा पहिल्यांदा बघायचा तो मासिकाच्याच पानावर, त्यामुळे "काय दिसलं" हे सांगणं हेच पत्रकाराचं काम होतं. मराठीत 'लोकसत्ता'ची 'व्हिवा', 'लोकमत'ची 'सखी' अशा पुरवण्यांनी हा विषय धरून ठेवला. आता शो संपायच्या आत त्यातला प्रत्येक लुक रीलमध्ये असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तर लॅक्मे फॅशन वीक पूर्ण ऑनलाइनच झाला. घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला आणि नावाजलेल्या संपादकाला एकाच वेळी तेच दिसत होतं.

म्हणजे दिसतं ते सांगण्याची गरज संपली. जे फोटोत दिसत नाही ते सांगणं उरलं: कापड कसलं आहे, कुणी विणलं, कुठे शिवलं, किंमत तेवढी का, आणि अंगावर चार तास घालून बसलं तर काय होतं. हे फोनवर बघून कळत नाही, हात लावावा लागतो.

पहिले पंधरा दिवस: एकही ओळ लिहू नका

मंगळदास मार्केट. मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या जवळ, गल्ल्याच गल्ल्या आणि कापडच कापड. शेजारी मुळजी जेठा मार्केट, थोडं पुढे चालत गेलात की भुलेश्वर, तिथे लेस, बटणं, टिकल्या, गोटा. दादरला हिंदमाता ड्रेस मटेरियलसाठी. चामड्यासाठी धारावी. हे तुमचं कॉलेज, आणि फी म्हणजे अर्धा-अर्धा मीटर कापडाचे पैसे.

फुकट माहिती विचारत फिरणाऱ्याला दुकानदार दोन मिनिटांत ओळखतो, म्हणून काहीतरी विकत घ्या. कॅम्ब्रिक, पॉपलिन, मलमल, रेयॉन, मोडाल, चंदेरी, ऑर्गंझा, प्रत्येकाचा अर्धा मीटर. घेताना तीनच प्रश्न विचारा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती? (३६, ४४ की ५८ इंच, यावर कुर्त्याला किती कापड लागणार ते ठरतं, आणि म्हणून किंमतही.) माल कुठून येतो? धुतल्यावर किती आटतं? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार हसला तर समजा, बरंच आटतं.

घरी आल्यावर प्रत्येक तुकड्यातला एक धागा काढा आणि चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. "प्युअर चंदेरी" म्हणून आणलेल्या तुकड्याचा मणी झाला की जो धडा मिळतो तो कुठल्याही कोर्सात मिळत नाही. (खिडकी उघडी ठेवा. माझ्या आईने एकदा गॅस लीक समजून शेजाऱ्यांना बोलावलं होतं.)

तुकडे वहीत चिकटवा, खाली नाव, पन्हा, भाव, तारीख. माझी अशी वही अजून चालू आहे.

मग दोन दुपारी तुमच्या नेहमीच्या टेलरकडे बसा. त्याची कामाची वेळ सोडून, हातात चहा घेऊन. तो बोलतो ते शब्द लिहून घ्या: मुंढा, घेर, कळी, चुण्या, नेफा, अस्तर. आणि "माया". शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा सोडतात ना, पुढे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून, ती माया. महागड्या तयार ब्लाउजला माया आहे की नाही, हे एका ओळीत सांगता आलं तर वाचकाचे पुढच्या वर्षीचे पैसे वाचतात. मराठीत लिहायचं तर हे शब्द तुमची मिळकत आहेत. इंग्रजी कॉपीतला शब्द तसाच उचलून देवनागरीत लिहिला म्हणजे मराठी लेख होत नाही. रॅम्प, लुक, स्टायलिस्ट हे चालतात, रुळले आहेत. पण "आर्महोल" लिहायची वेळ आली तर आधी मुंढा आठवावा.

नाव लिहायच्या आधी खात्री

ऑनलाइन लिखाणात सगळ्यात जास्त चुका होतात त्या नावांत. माझीच सांगते. एका अभिनेत्रीच्या साडीबद्दल मी "हातमागाची पैठणी" लिहिलं, कारण पीआरच्या, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांच्या, मेलमध्ये तसं होतं. तासाभरात येवल्याच्या एका वाचकाचा मेल आला. त्यांनी माझ्याच लेखातला फोटो मोठा करून पाठवला होता. पदर वाऱ्याने उलटला होता आणि मागे सुटे कापलेले धागे स्पष्ट दिसत होते. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग ताण्यात (उभ्या धाग्यांत) हाताने अडकवत विणतात. मागे धागे लोंबत नाहीत. मी ज्या पोर्टलसाठी लिहीत होते तिथल्या डेस्कने सांगितलं, "गुपचूप बदलून टाकू, कुणाला कळतंय." मी भांडून खाली दुरुस्तीची ओळ घालून घेतली. त्या येवल्याच्या गृहस्थांना मी आजही फोन करते, शंका आली की.

तेव्हा नियम असा ठेवा: पीआरने दिलेलं नाव हा दावा आहे. मोर, मुनिया, नारळी काठ ही नक्षी झाली. ती पॉवरलूमवरही निघते, जॅकार्ड या नक्षी काढणाऱ्या यंत्रावरही, आणि छापताही येते. "पैठणी नक्षीची साडी" आणि "पैठणी" यांत हजारो रुपयांचं अंतर आहे.

दुसरी नेहमीची चूक खणाची. खणाचे ब्लाउज, खणाच्या बॅगा, खणाचे कंदील, सगळीकडे "अस्सल महाराष्ट्राचा खण" लिहिलेलं असतं. आपल्या आज्या-पणज्यांनी तो अंगावर वागवला हे खरं. पण खणाचं नावाजलेलं विणकामाचं गाव म्हणजे गुळेदगुड्ड, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं. नेसणारे इकडचे, विणणारे तिकडचे. हे लिहिल्याने कुणाचा अपमान होत नाही, उलट लेख भरीव होतो.

कोल्हापुरीचं प्रकरण नीट अभ्यासा

नवख्याने एकच प्रकरण मुळापासून वाचायचं असेल तर हे वाचा. जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या इटलीच्या महागड्या ब्रँडचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेल्सच्या पायात चपला होत्या, आणि त्या कोल्हापुरी आहेत हे महाराष्ट्रातल्या कुणालाही झोपेत कळलं असतं. कोल्हापूरचा किंवा भारताचा उल्लेख मात्र नव्हता. पॅरिस-लंडनच्या समीक्षकांना ती एक चामड्याची सँडल दिसली. आरडाओरडा झाला तो इथल्या लोकांच्या फोनवरून. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात आली, आणि डिसेंबरमध्ये मुंबईत महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला.

आता पत्रकार म्हणून बघा. शोच्या त्या आठवड्यात शेकडो पोस्ट आल्या आणि बहुतेकांत एकच सूर होता: "आमची चप्पल चोरली." फार थोड्यांनी सांगितलं की कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांसाठी आहे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर), आणि मानांकन प्रामुख्याने नावाचं रक्षण करतं. "कोल्हापुरी" हे नाव लावून भलताच माल विकता येत नाही. नाव न लावता तसा आकार केला तर प्रकरण अवघड होतं, आणि नेमकं तेच झालं होतं. हा एक परिच्छेद ज्याने त्या आठवड्यात सोप्या मराठीत लिहिला असता त्याचा लेख आजही शोधून वाचला गेला असता. संताप दोन दिवस चालतो. "मानांकन म्हणजे काय" हा प्रश्न लोक वर्षभर शोधतात.

कॉपीच्या आरोपांबद्दल आणखी एक. 'डाएट सब्या'सारख्या इन्स्टाग्राम पानांमुळे दोन फोटो शेजारी-शेजारी लावायची सवय लागली आहे. लावा, पण मथळ्यात "चोरी" लिहू नका. साम्य दाखवा, तारखा द्या, दोन्ही बाजूंना मेल करा आणि उत्तर आलं नाही तर तसं लिहा. कायद्यातही गुंता आहे: नोंदवण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नसेल, तर ते औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढल्यावर त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे जे डोळ्याला सरळ चोरी वाटतं ते कोर्टात तसं टिकेलच असं नाही. बदनामीचा दावा मात्र तुमच्यावर होऊ शकतो.

मग तीन लेख, स्वतःच्या जागेवर

कुणाला काम मागायच्या आधी तीन लेख लिहून तयार ठेवा. ब्लॉग, न्यूजलेटर, काहीही चालेल. रील केलीत तरी शब्द कुठेतरी लिहिलेले हवेत, कारण संपादक लिंक मागतो.

पहिला लेख एका वस्तूच्या किमतीचा. उदाहरणार्थ दादरला मिळणारी शिवलेली नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याचा भाव काय, शिलाई किती, काष्टा शिवायला कारागिराला किती वेळ लागतो, दुकानाचं भाडं, आणि मग वरची किंमत. दुकानदार सगळं सांगणार नाही, कारागीर थोडं सांगेल, उरलेलं तुम्हाला मंगळदासच्या वहीतून काढता येईल.

दुसरा लेख माणसांचा. मुंबईत यासाठी खाण आहे आणि आपण तिच्यावर उभं राहून दुसरीकडे बघतो. ३० मार्च २०२३ ला पॅरिसच्या डिओर या ब्रँडने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा मागे भरतकामाचं प्रचंड तोरण होतं. ते मुंबईच्याच चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टने केलेलं. पॅरिसच्या मोठमोठ्या फॅशन घराण्यांसाठी भरतकाम करणारे कारखाने या शहरात कित्येक वर्षं आहेत, पण अनेकांचे गुप्ततेचे करार असतात आणि कारागीर ब्रँडचं नाव घेऊ शकत नाही. ब्रँडचं नाव विचारू नका. अड्ड्यावर (कापड ताणून भरतकाम करायच्या लाकडी चौकटीवर) किती तास बसतो, डोळ्यांना काय होतं, मुलगा हे काम शिकतोय का, हे विचारा. लोक बोलतात. फोटो आणि नाव छापायची परवानगी मात्र तोंडी नको, मेसेजवर घ्या. कारागिराची नोकरी तुमच्या लाइक्सपेक्षा मोठी आहे.

तिसरा लेख एका शोचं परीक्षण, लाइव्ह स्ट्रीमवर बघून केलं तरी चालेल. फक्त तसं स्पष्ट लिहा.

आता पास

अलीकडच्या वर्षांत लॅक्मे फॅशन वीक मार्चच्या सुमारास मुंबईत आणि ऑक्टोबरच्या सुमारास दिल्लीत होतो. २०२१ पासून फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडियाबरोबर एकत्र. मीडिया नोंदणीसाठी आयोजकांकडे काही आठवडे आधी अर्ज करायचा, प्रकाशित कामाच्या लिंक जोडायच्या. वरचे तीन लेख इथे कामाला येतात. नोंदणी मिळाली म्हणजे प्रत्येक शोला खुर्ची मिळाली असं मात्र नाही. मोठ्या डिझायनरच्या शोचं इन्व्हाइट त्याच्या पीआरकडून येतं. पीआरला मेल करताना "मला बघायला आवडेल" लिहू नका. कुठे छापणार, कधी, कुठल्या भाषेत, हे लिहा. मराठी हा कमीपणा समजून लपवू नका. पीआरच्या यादीत इंग्रजी पोर्टलं शंभर असतात.

इन्व्हाइट नाही मिळालं तर 'जेननेक्स्ट'ला जा, नव्या डिझायनरांचा शो. गर्दी कमी, डिझायनर बोलायला मोकळा. राहुल मिश्रा २००६ मध्ये इथूनच सुरू झाले आणि २०२० मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (मापाने, हाताने शिवलेल्या अतिमहागड्या कपड्यांच्या) वीकमध्ये शो करणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले. २००६ मध्ये त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून ठेवलेल्या पत्रकाराच्या वहीची आज काय किंमत असेल, विचार करा.

शोच्या दिवशी जेवून जा. शो उशिरा सुरू होतो आणि वीसेक मिनिटांत संपतो. फोन खाली ठेवा; व्हिडिओ आयोजक देणारच आहेत. तुम्ही पाय बघा. बूट-चपला, कपड्याची खालची कड, चालताना कापड कसं पडतं, मॉडेलला पाऊल टाकताना अडतंय का. संगीत, पहिला लुक, शेवटचा लुक, एक नावडलेला लुक, एवढी टिपणं पुरतात. संपल्यावर बॅकस्टेजला जाऊन परवानगी घेऊन कपडा उलटा करून बघा. शोस्टॉपर (शेवटी रॅम्पवर येणारी प्रसिद्ध व्यक्ती) कोण होतं हे शेवटच्या परिच्छेदात लिहा. पोर्टल ते मथळ्यात नेईलच, तुम्ही आपल्या हाताने कशाला न्यायचं?

कॉपी तासाभरात द्यावी लागते. म्हणून डिझायनरची पार्श्वभूमी आदल्या रात्री लिहून ठेवा. प्रेस नोटमधली विशेषणं आधी खोडा. "कालातीत", "राजेशाही", "आधुनिक स्त्रीसाठी" काढल्यावर कधीकधी नोटमध्ये फक्त पत्ता उरतो.

फोटो

फोटो ज्याने काढला त्याचा, किंवा ज्याने पैसे देऊन काढून घेतला त्याचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसंच सांगतो. खाली "साभार: इन्स्टाग्राम" लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. आयोजकांनी माध्यमांसाठी दिलेले फोटो वापरा, स्वतः काढलेले वापरा, नाहीतर पोस्ट एम्बेड करा. विमानतळाबाहेरच्या फोटोग्राफर मुलांचे फोटो स्क्रीनशॉट मारून वापरू नका. ती माणसं उन्हात उभी असतात.

फुकटचा कुर्ता

चार लेख चालले की घरी पार्सलं येऊ लागतात. धंद्यात याला "बार्टर" म्हणतात: वस्तू घ्या, पोस्ट करा. माझं मत कडक आहे: ज्याबद्दल पत्रकार म्हणून लिहिणार ती वस्तू परत पाठवा किंवा विकत घ्या. पण घेतलीतच तर लपवू नका. जाहिरातींवर देखरेख करणारी मुंबईतली संस्था एएससीआय हिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने काढले. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास, काहीही मिळालं असेल तर पोस्टवर ठळक सांगायचं, हॅशटॅगांच्या ढिगात पुरायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि कर. १ जुलै २०२२ पासून एखाद्या ब्रँडने वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू दिल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस (देणाऱ्यानेच आधी कापायचा कर) लागू झाला. वस्तू परत केली तर ती धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. तेव्हा ३०,००० चा लेहेंगा "गिफ्ट" म्हणून कपाटात ठेवताना तो तुमचं उत्पन्न आहे हे लक्षात असू द्या. लेहेंग्याने घरभाडं भरता येत नाही, ही वेगळी गोष्ट.

काम मागताना

संपादकाला पाठवायचा मेल पाच ओळींचा. विषय काय, आत्ताच का, कुणाशी बोललात किंवा बोलणार आहात, किती शब्द, फोटो कुणाचे. खाली तीन लिंक. "मला फॅशनची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य मी संपादक असते तर तिथेच मेल बंद केला असता. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि मग तो विषय दुसरीकडे न्या.

होकार आला की लिहायच्या आधी मेलवर तीन गोष्टी पक्क्या करा: पैसे किती, किती दिवसांत, आणि लेख दुसरीकडे वापरायचा हक्क कुणाचा. फोनवर ठरलेलं कुणालाच आठवत नाही, विशेषतः अकाउंट्स विभागाला. इनव्हॉइस लेख छापला त्याच दिवशी पाठवा आणि कापलेला टीडीएस आयकराच्या साइटवर तुमच्या पॅनवर दिसतोय का ते तपासा. नव्या माणसाला पहिलं वर्ष निव्वळ यावर काढता येत नाही. मी शिकवण्या घ्यायचे, माझी एक मैत्रीण कपड्यांच्या साइटसाठी वर्णनं लिहायची. ते कामही वाईट नाही, कापडाची नावं पाठ होतात.

मंगळदास रविवारी बंद असतं, म्हणून सोमवारी जा. सीएसएमटीला उतरा आणि चालत जा, बारा वाजायच्या आत पोहोचा. नंतर लग्नाच्या खरेदीवाल्यांपुढे तुमच्या अर्ध्या मीटरला कुणी विचारणार नाही. सुटे पैसे ठेवा, मोजायची टेप ठेवा, आणि पांढरा कुर्ता घालू नका.